लोनाडची चित्रसहल

वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांचा शनिवार कसा असतो, हें ज्यांचीं मुलें घरांत आहेत त्यांस सांगून पुरतें समजणार नाहीं. घरच्या मुलाला सुट्टीच्या दिवशीं आत्याकडे जाणें, आजोबांबरोबर देवळांत जाणें, निदान धाकट्या भावाशीं भांडणें, इतकें तरी असतेंच. वसतिगृहांतल्या मुलाचे कपडे धुवून झाले, घरीं पत्र लिहून झालें, कीं पुढें एक भली मोठी दुपार उरते. ती दुपार सत्कारणीं लागावी म्हणून आमच्या शाळेनें महिन्यांतला एक शनिवार-रविवार चित्रसहलीस द्यावयाचें ठरविलें, आणि चित्रकलेचा शिक्षक या नात्यानें ती जबाबदारी माझ्याकडे आली.

पहिल्या दोन सहली पुण्याच्या आसपास झाल्या. तिसरीस मीं भिवंडीचें नांव सुचविलें, तेव्हां शिक्षकांच्या खोलींत चांगलाच हशा पिकला. “भिवंडीस लोक कापड घ्यायला जातात, गोदामांत माल ठेवायला जातात, चित्रें काढायला कोण जातो?” असें एक सहकारी म्हणाले. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. परंतु भिवंडी तालुक्यांत लोनाड नांवाचें एक गांव आहे. तेथें शिलाहारांच्या काळचें एक शिवालय आहे, परिसरांत शिलालेख सांपडलेले आहेत, आणि जवळच्या टेकडीवर या सर्वांहून जुनें असें एक बौद्ध लेणें आहे. विद्यार्थिदशेंत मी एकदां तेथें गेलों होतों. त्या लेण्याच्या ओसरींतील एक शिल्पपट तेव्हांपासून माझ्या मनांत घर करून राहिला होता.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. सोळा मुलें, वसतिगृहाचे रेक्टर आणि मी असे अठरा जण शनिवारीं पहाटेच्या गाडीनें पुण्याहून निघालों. घाटांत कड्यांवरून अजून पाण्याच्या बारीक धारा उतरत होत्या. प्रत्येक बोगद्यांत मुलांनीं ओरडावयाचें आणि प्रत्येक बोगद्यानंतर रेक्टरांनीं रागें भरावयाचें, असा क्रम कर्जतपर्यंत चालला. कल्याणास उतरून आम्हीं एस. टी. धरली. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशीं खाडीवरचा पूल लागतो. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण व भिवंडी हीं दोन्ही ठाणीं घेतलीं, आणि स्वराज्याच्या आरमाराचीं पहिलीं जहाजें याच खाडीच्या आश्रयानें तयार झालीं. हें मी मुलांस सांगूं लागलों, तोंच गाडी वाहनांच्या गर्दींत अडकली, आणि इतिहासाला हवा तेवढा वेळ मिळाला!

भिवंडी डोळ्यांना दिसण्यापूर्वीं कानांना ऐकूं येते. गल्लीगल्लींतून यंत्रमागांचा खडखडाट चाललेला असतो. पहिला अर्धा तास तो असह्य वाटतो, आणि मग त्याच्यावांचून चुकल्यासारखें होतें. हातमागावर विणणारे मोमीन कारागीर १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून मोठ्या संख्येनें या गांवीं आले. पुढें हातमागाची जागा यंत्रमागानें घेतली. तेलंगणांतून आलेले पद्मशाली विणकरहि येथें स्थायिक झाले. असें हें अनेक मुलखांच्या माणसांनीं विणलेलें गांव आहे.

आमची उतरण्याची सोय ब्राह्मण आळींतील एका स्नेह्यांच्या घरीं, माडीवर होती. तेथें सामान टाकून संध्याकाळीं आम्हीं एका पद्मशाली गृहस्थांचा कारखाना पाहिला. दसऱ्यास पूजा केलेल्या मागांवर झेंडूच्या माळा अजून होत्या, पण फुलें सुकून तपकिरी झालीं होतीं. लांबीचे धागे तो ताणा आणि आडवा धागा तो बाणा. ताण्याचे धागे वरखालीं होतात, त्यांमधून धोटा या टोंकाकडून त्या टोंकास धांवतो, आणि फणी पुढें येऊन प्रत्येक बाणा ठोकून जागच्या जागीं बसविते. हें सारें एका निमिषांत. मीं मुलांस पांच मिनिटांत माग काढावयास सांगितला. बहुतेकांच्या कागदावर नुसता गोंधळ उतरला. धोटा कोणालाच सांपडला नाहीं, कारण तो डोळ्यांना दिसतच नव्हता. तरीहि बहुतेकांनीं तो काढला होता. एका मुलानें मात्र जें स्थिर होतें तेवढेंच काढलें होतें: मागाची चौकट, तेलाची बुधली आणि सुकलेली माळ. मीं त्यास म्हटलें, “अरे, धोट्यावांचून माग कसला?” तो कांहीं बोलला नाहीं. हा मुलगा रत्नागिरी जिल्ह्यांतला, नवव्या वर्षीं वसतिगृहांत आलेला, आतां तेरा वर्षांचा आहे.

कारखान्याचे मालक मुलांना एक तुटलेली तार सांधून दाखवीत होते. ते मला म्हणाले, “मास्तर, तार तुटली तर माग थांबवायचा आणि गांठ मारायची. नाहीं थांबवला तरी कापड निघतंच. पण जिथं तार नाहीं तिथं रेघ राहते. ती मागून कुणाला भरतां येत नाहीं.” त्यांचें हें बोलणें त्या वेळीं मीं नुसतें ऐकून घेतलें.

रात्रीं जेवणें झाल्यावर माडीवर मुलें झोंपेना. तेव्हां मीं त्यांना त्यांच्याच जातीच्या एका जुन्या सहलीची हकीकत सांगितली. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून १८५७ सालीं मुंबईस चित्रकलेची शाळा निघाली. आम्हीं ज्या कल्याणास उतरलों, त्याच्यापासून थोड्याच अंतरावर अंबरनाथ आहे, आणि तेथील शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधील, शिलाहार राजा मुम्मुणि याच्या वेळचें आहे. १८६८ सालीं या मंदिराचीं मापें, रेखाटनें, छायाचित्रें आणि साचे घेण्याचें काम सरकारनें मुंबईच्या शाळेस सांगितलें, आणि टेरी नांवाच्या शिक्षकांच्या देखरेखीखालीं शाळेची एक तुकडी अंबरनाथास जाऊन राहिली. पुढें १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स साहेबांनीं याच शाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यापूर्वीं रॉबर्ट गिल यांनीं अजिंठ्यास वर्षानुवर्षें राहून केलेल्या नकला लंडनच्या स्फटिकगृहांत ठेवल्या होत्या. त्यांतील बहुतेक १८६६ च्या आगींत जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांच्या नकलाहि लंडनलाच धाडल्या गेल्या, आणि त्यांतल्याहि पुष्कळ १८८५ च्या आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. ज्या वांचल्या त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. मूळ भिंतीवर आज पुसट झालेला कांहीं भाग त्यांत पाहावयास मिळतो.

आगीची गोष्ट ऐकून मुलें हळहळलीं. इतक्यांत अंधारांतून तोच रत्नागिरीकडचा मुलगा म्हणाला, “सर, भिंतीवर ज्या जागीं रंग उडून गेला होता, तिथं त्यांनीं काय काढलं?”

प्रश्न चांगला होता. पण रात्र झाली होती आणि मला झोंप येत होती. “जाणत्या चित्रकाराला उरलेल्यावरून गेलेलें ताडतां येतें,” असें मीं ऐटींत उत्तर दिलें, आणि दिवा मालवला. शिक्षकाच्या धंद्यांत ठाऊक नसलेलें ठाऊक असल्यासारखें सांगण्याची संवय फार लवकर जडते.

रविवारीं सकाळीं भाड्याच्या गाडीनें आम्ही लोनाडास निघालों. नाशिकच्या हमरस्त्याला लागलें कीं दोहों बाजूंस पत्र्याचीं प्रचंड गोदामें सुरू होतात. पूर्वीं या मुलखांत भाताचीं कोठारें असत. आतां साऱ्या देशाचा माल येथें येऊन पडतो आणि येथून घरोघर जातो. एका मुलानें विचारलें, “सर, माझ्या वाढदिवसाचे बूट इथूनच आले असतील का?” असतीलहि! हमरस्ता सोडून आंत वळलों, आणि एकदम भाताचीं पिवळीं शेतें, बांधावरचे बगळे, आणि ओल्या मातीचा वास. दोन मुलखांमध्यें इतकें थोडें अंतर मीं दुसरीकडे पाहिलें नाहीं.

लोनाडचें शिवालय बरेंच पडलेलें आहे. कोरीव दगड आवारांत इतस्ततः पडले आहेत. कोणाला शेंदूर लागला आहे, कोणावर कपडे वाळत आहेत. मुलांनीं तास-दीड तास बसून ज्याला जो दगड आवडला तो काढला. जवळच चौधरपाडा येथें शिलाहार केशिदेव याच्या वेळची लेख असलेली शिळा आहे. तिच्यावर शके ११६१ ची, म्हणजे इ. स. १२४० ची महाशिवरात्र नोंदलेली असून त्या दिवशीं दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. असल्या दानशिळांवर वरच्या अंगास सूर्य आणि चंद्र कोरण्याची चाल होती. जोंवर ते आहेत तोंवर हें दान चालावें, असा त्याचा अर्थ. खालच्या अंगास दान मोडणारास घातलेला शाप चित्ररूपानें कोरीत. त्या शापाचें वर्णन कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत करण्याजोगें नाहीं. रेक्टरांनीं मुलांस सूर्यचंद्रच अधिक लक्षपूर्वक पाहावयास लावलें, इतकें सांगितलें म्हणजे पुरे.

दुपारीं टेकडी चढलों. चढ फारसा नाहीं, पण ऑक्टोबरचें ऊन अंगाला झोंबत होतें. लेणें पांचव्या-सहाव्या शतकांतलें. पुढें खांबांची ओसरी, आंत खोदलेली मोठी खोली, बाहेर कातळांत पाण्याचें टाकें. भिक्षु केव्हांच गेले. आतां आंत खांडेश्वरी देवीची पूजा होते, आणि गांवाच्या श्रद्धेमुळेंच ही जागा झाडलेली व राखलेली राहिली आहे. ओसरींत तो शिल्पपट आहे. एक राजा आसनावर बसला आहे. त्याच्या भोंवतीं स्त्रिया आणि सेवकवर्ग आहे. कोणी त्याच्याकडे वळलें आहे, कोणी झुकलें आहे, कोणाचा हात वर गेला आहे. दीड हजार वर्षांच्या पावसावाऱ्यानें दगड झिजून चेहरे जवळजवळ गेले आहेत. तरीहि एवढें स्पष्ट दिसतें, कीं या माणसांचें आपसांत कांहीं चाललें आहे, आणि आपण दाराशीं येऊन उभे राहिलों आहों.

एक मुलगा म्हणाला, “सर, तुमच्या मोबाईलवर फोटो घेऊं या. मग वसतिगृहांत बसून सावकाश काढतां येईल.” मीं नकार दिला. दुपार कलूं लागली तसतसें ऊन ओसरींत शिरूं लागलें, आणि जो पट सपाट दिसत होता त्याला हळूहळू उठाव आला. अर्ध्या तासापूर्वीं न दिसलेला एक गुडघा दिसूं लागला. एका स्त्रीच्या कमरेचा बांक दिसूं लागला. मुलें आपण होऊन गप्प झालीं. हें फोटोंत मिळालें नसतें.

फिरत फिरत मी त्या मुलापाशीं आलों. त्याचें रेखाटन पाहून क्षणभर मला आनंद झाला. राजाची बैठक, मांडीची वळणें, मागच्या माणसाचा झुकलेला खांदा, सारें नेमकें होतें. पण सर्व चेहऱ्यांच्या जागीं कोरा कागद होता.

“चेहरे राहिले कीं रे,” मीं म्हटलें.

“राहिले नाहींत, सर. तिथं चेहरेच नाहींत.”

“मग समजून काढ. डोळे कुठं असतात तें तुला येतं ना?”

त्यानें पेन्सिल खालीं ठेवली. मीं ती उचलली, आणि राजाच्या मुखावर अर्धे मिटलेले डोळे, सरळ नाक आणि किंचित् स्मित असें सर्व दोन मिनिटांत काढून दिलें. मला तें काढतां येतें. वीस वर्षें तेंच शिकवीत आहें. चित्र सुंदर दिसूं लागलें. दोघां-तिघां मुलांनीं माना वर करून वाहवा केली. तो मुलगा चित्राकडे थोडा वेळ पाहत राहिला. मग त्यानें पान उलटलें, आणि पुन्हां पहिल्या रेघेपासून आरंभ केला.

खरें सांगावयाचें तर मला राग आला. परंतु त्या रागाखालीं दुसरें कांहीं तरी होतें. मी भिंतीपाशीं जाऊन मूळ राजाकडे पाहिलें. तेथें स्मित नव्हतें, मिटलेले डोळेहि नव्हते. मीं काढलेला चेहरा या राजाचा नव्हताच. तो मीं कोठल्या कोठल्या पुस्तकांतून गोळा केलेला, कोणत्याहि राजाला बसणारा चेहरा होता.

टाक्याजवळच्या सांवलींत आम्हीं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. वारा सुटला आणि मुलांच्या वह्यांचीं पानें फडफडूं लागलीं. त्या मुलाच्या वहींतलें एक जुनें पान उघडें पडलें. त्यावर एक ओसरी होती: झोंपाळा, खुंटीवरची टोपी, कोपऱ्यांतली वाळत घातलेलीं आमसुलें, आणि जात्यापाशीं बसलेली एक वृद्ध स्त्री. पदर, हातांतल्या पाटल्या, पायांचीं बोटें, सर्व कांहीं होतें. चेहरा मात्र कोरा होता.

“ही कोण रे?” मीं विचारलें.

“आजी.”

“हिचा चेहरा तर झिजलेला नाहीं!”

तो ओशाळला. मग हळूच म्हणाला, “वसतिगृहांत बसून काढलं, सर. जेवढं आठवतं तेवढंच काढलं. चेहरा काढायला गेलों कीं आजी न येतां दुसरंच कुणी तरी येतं. दिवाळींत घरीं गेलों कीं पाहून काढीन.”

रेक्टर माझ्याकडे पाहूं लागले आणि मी टाक्यांतल्या पाण्याकडे. चार वर्षें घरापासून दूर राहिलेल्या त्या मुलानें आपल्या आजीच्या जागीं दुसऱ्या कोणाला बसूं दिलें नव्हतें. आणि मी, त्याचा शिक्षक, तासाभरापूर्वीं त्याला तेंच करावयास सांगत होतों. आदल्या दिवशीं कारखान्यांत ऐकलेलें वाक्य आतां कोठें मला समजलें: जिथं तार नाहीं तिथं रेघ राहते, आणि ती मागून कोणाला भरतां येत नाहीं.

पुण्यास परतल्यावर दुसऱ्याच दिवशीं मीं ग्रंथालयांत जाऊन ग्रिफिथ्स साहेबांचे अजिंठ्यावरील दोन मोठे खंड काढले. ते १८९६-९७ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांतील चित्रें मीं अनेकदां पाहिलीं होतीं. पण या वेळीं त्या मुलाचा प्रश्न घेऊन पाहिलीं. भिंतीवर जेथें गिलावा पडला होता, तेथें नकलेंतहि पडक्या जागेचा डाग तसाच दाखविला आहे. राजाचा हात जेथें संपतो तेथें चित्रहि संपतें. मुंबईच्या शाळेंतलीं तीं मुलें कांहीं कमी हुशार नव्हतीं. हात पुरा करणें त्यांना सहज जमलें असतें. तो त्यांनीं केला नाहीं म्हणूनच त्यांच्या नकलांवर आज विसंबतां येतें. मीं त्या मुलास बोलावून तीं पानें दाखविलीं, आणि रात्रीं माडीवर दिलेलें उत्तर चुकीचें होतें असें सांगितलें. तो म्हणाला, “बरं, सर.” मुलें असल्या गोष्टी फार थोडक्यांत आटोपतात.

कोणास लोनाडास जावयाचें असल्यास पावसाळा संपल्यावर लवकरच जावें, आणि लेणें दुपारीं उशिरा, ऊन आंत शिरतें तेव्हां पाहावें. प्यावयाचें पाणी बरोबर न्यावें. शिल्पाला हात लावूं नये. दगड आधींच पुष्कळ झिजला आहे, आणि आपल्या नातवंडांनाहि तो गुडघा, तो कमरेचा बांक दिसावयास पाहिजे.

दिवाळीची सुट्टी संपून वसतिगृह पुन्हां भरलें, त्या दिवशीं तो मुलगा वही घेऊन माझ्या खोलीवर आला. आजीचें पान पुरें झालें होतें. चित्र म्हणून त्यांत दोष होते. हनुवटी थोडी लांब झाली होती. पण उजव्या कानाची पाळी तुटून दोन भाग झाल्या होत्या, आणि बुगडी एका डाव्या कानांतच होती. मीं त्याबद्दल विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “लहानपणीं माझ्या बाबांनींच ओढून तोडली म्हणे. घरांत सगळ्यांना ठाऊक होतं. मीं कधीं पाहिलंच नव्हतं, सर.”

ज्या घरांतलीं मुलें शिक्षणासाठीं दूर राहतात, त्या घरच्या वडील मंडळींस माझी एवढीच विनंती आहे: मूल सुट्टींत घरीं आलें, कीं फराळाबरोबर त्याच्या हातीं एक कोरी वही द्यावी, आणि आजीला घटकाभर ओसरीवर उजेडांत बसवावें.